गिरजाबाईची जीभ

चामोर्शीच्या बाजारात मासोळीवाल्या बायांची एक ओळ बसते. त्या ओळीत गिरजाबाई कुठली हे कोणाला विचारावं लागत नाही. जिच्या टोपलीत एकेका मासोळीच्या डोक्यावर पळसाच्या पानाचा तुकडा ठेवलेला दिसेल, ती गिरजाबाई.

मासोळी घेणारं माणूस आधी तिचा डोळा पाहतं. डोळा स्वच्छ, काळाभोर असला तर मासोळी सकाळची. गढूळ, पांढरट असला तर कालची. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग विकणारीच डोळे झाकून बसली तर गिऱ्हाईक काय समजणार? शेजारच्या बाया तिला चिडवतात, "काऊन वो गिरजे, मासोळीले लाज वाटून राह्यली का?" ती हसत नाही. गिऱ्हाईकानं पान उचललं की मान फिरवते आणि रस्त्याकडं पाहत भाव सांगते. मासोळी मात्र ताजीच असते. मी तिच्याकडूनच घेते, म्हणून खात्रीनं सांगते.

तिची माझी ओळख बाजारातली नाही. मी डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी काम करते. बुबुळावर जखम होऊन ज्यांचा डोळा पिकला, ज्यांचं ऑपरेशन झालं, ज्यांना मेलेल्या माणसाच्या डोळ्यातला पारदर्शक पडदा बसवला, त्यांचं पुढं काय झालं याचा अभ्यास चालू आहे. डॉक्टर नागपूरच्या बाजूला बसून अभ्यास करतात आणि मी उन्हातान्हात गावोगाव फिरून दारं ठोठावते. आपल्याकडचा धान जितका गोड, तितकं त्याचं कुसळ वाईट. डोळ्यात गेलं, बुबुळाला ओरखडा पडला आणि त्या ओरखड्यात बुरशी शिरली, की काळ्यावर पांढरा ठिपका उमटतो. तो बरा झाला तरी डाग राहतो. लोक म्हणतात, फूल पडलं. इतक्या वाईट गोष्टीला इतकं नाजूक नाव कोणी दिलं, देव जाणे. माझ्या हातात असतं तर मी ते केव्हाच बदललं असतं.

गिरजाबाईच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. "माझं नाव सांगजो, पन गावाचं नको सांगू. गावानं काई केलं नाई," असं ती मला बजावून म्हणाली आहे. मार्कंड्याच्या देवळांपासून वैनगंगेच्या काठानं चालत गेलं की ढिवरांची घरं लागतात, एवढं पुरे. पुरुष नदीत आणि तलावात जाळी टाकतात, बाया मासोळी विकतात. धानाच्या दिवसांत सगळेच कापणीला आणि थ्रेशरवर जातात.

गिरजाबाईच्या घरात एक विद्या होती. सासूकडून सुनेकडे यायची. डोळ्यात कुसळ गेलेलं माणूस डोळा दाबून धरून तिच्या अंगणात यायचं. ती चूळ भरायची, त्याचं डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापणी वर करायची आणि जिभेच्या टोकानं डोळ्याच्या आतून एक फेरा मारायची. कुसळ तिच्या जिभेवर यायचं. ते ती तळहातावर काढून दाखवायची. आलेलं माणूस डोळे मिचकावत, हसत परत जायचं. ऐकून तुम्ही नाक मुरडलं असेल, मीही मुरडलं होतं. पण कुसळ निघायचं हे खरं. न निघतं तर लोक काही खुळे नाहीत, पुन्हा पुन्हा आले नसते.

या विद्येचे नियम कडक होते. जिच्या तोंडात ही विद्या, तिनं तंबाखूला शिवायचं नाही. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, नाहीतर तिचेच डोळे फुटतात. आणि कुसळ कोणी काढलं हे बाहेरच्या माणसासमोर, विशेष करून डॉक्टरसमोर, कोणीच बोलायचं नाही. बोललं तर जीभ मरते. या शेवटल्या नियमानं घात केला असं मी म्हणते. गिरजाबाई म्हणते, पहिल्या.

रीता ही तिच्या धाकट्या दिराची, मनसारामची, सून. दोन्ही घरांचं अंगण एकच. लग्न होऊन आली तशी ती गिरजाबाईलाच जास्त चिकटली. मोठमाय मोठमाय करत दिवसभर तिच्या मागं असायची. चार वर्षांपूर्वी, तिची पोरगी रिंकू अजून कडेवर होती तेव्हा, थ्रेशरवर पेंढ्या टाकताना रीताच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. गिरजाबाईनं ते काढलं, तळहातावर दाखवलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. मग उजेड सहन होईना. ज्या तोंडानं काढलं त्याच तोंडानं पुन्हा पाहावं, अशी रीत. रीता पुन्हा आली, पुन्हा जीभ फिरली. मग कोणीतरी दुकानातून आणून दिलेले थेंब झाले. काळ्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला, तेव्हा कुठं मनसारामनं तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात कोणी काही घातलं का? पाल्याचा रस? दूध? कोणी जीभ लावली का?

"नाई जी," मनसाराम म्हणाला. रीतानंही मान हलवली.

हे "नाई जी" मला पाठ झालं आहे. शंभर घरी विचारा, शंभर घरी हेच. आमच्या अख्ख्या तालुक्यात कोणाच्याच डोळ्यात कधी कोणी काही घातलेलं नाही. ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं. अरे, तुमचाच डोळा आहे ना? डॉक्टर काय पोलीस आहे? जीभ लागली, वर दुकानातले थेंब पडले, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर डोळा खरवडून तपासायला घेतला असता, बुरशीचं औषध आधी सुरू झालं असतं. ते उशिरा झालं. डोळा वाचला, नजर गेली. पुढं नंबर लागून पडदा बदलला. काही महिने रीताला त्या डोळ्यानं रिंकू दिसली, धुरकट का होईना पण दिसली. मग ऐन रोवणीत, धानाच्या लावणीत, डोळा लाल झाला. लगेच यायला सांगितलेलं होतं, पण चिखलातून पाय निघेना. रोवणी आटोपून आली तोवर मेलेल्या माणसानं दिलेला पडदाही पांढरा पडला होता.

त्यानंतर गिरजाबाईचं बिनसलं. मासोळीचा रस्सा चुलीवर उकळत होता. झाकण काढलं तर वर आलेल्या डोक्यातला डोळा पांढरा. शिजलेल्या मासोळीचा डोळा पांढराच असतो, जन्मभर तिनं तो पाहिला होता, चोखून खाल्ला होता. त्या दिवशी तिनं भांडं तसंच उचलून उकिरड्यावर नेलं. पुढं टोपलीतले डोळेही तिच्याकडं पाहायला लागले. ढिवराच्या घरात एकटी बाई वरण-भात खायला लागली, तेव्हा गावानं पुजाऱ्याला विचारलं. काहीतरी लागलं आहे, असं पुजारी म्हणाला. एवढं तर मीही सांगितलं असतं.

मी अभ्यासासाठी त्यांच्या अंगणात गेले ती यानंतर. रीता खाटेवर बसली होती. तिचा उजवा डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा होता आणि डावा मोठा, बोलका. शेजारच्या ओट्यावर एक बाई झिंगे निवडत होती. मी तोच प्रश्न विचारला.

"नाई मॅडम. कोनी काई घातलं नाई," रीता म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. ओट्यावरच्या बाईचे हात मात्र थांबले.

मी फाट्यावर निघाले तर ती बाई रिकामी टोपली घेऊन मागं आली. फाट्यावर तिनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "मॅडम, जिभेनं डोळा जाते का?"

मी तापलेलीच होते. "अंगणात विचारलं तेव्हा सगळे नाई-नाई करत होता, आता रस्त्यावर विचारता?"

"थे सगळे माझ्यासाठी नाई म्हनतेत," ती म्हणाली. "जीभ माझी हाय."

मी तिला पुढच्या शिबिरात बोलावलं. येणार नाही असं वाटलं होतं. आली. आमच्या डॉक्टरांपुढं ती खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली. डॉक्टर भला माणूस आहे, तोही खुर्ची सोडून खाली बसला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, जखम कुसळानं केली. बुरशी धानावरच असते, कुसळाबरोबरच आत जाते. जिभेनं आणखी जंतू जातात, जखम वाढते. दुकानातल्या थेंबांनीही बुरशी फोफावते. शंभर जणांचे डोळे तपासले तर किती जणांना कशानं त्रास झाला हे आम्ही सांगू शकू."

"मले शंभराचं नका सांगू. मले रीताचं सांगा. माझ्यानं गेला का कुसळानं गेला?"

डॉक्टर म्हणाला, "एकाचं कधीच सांगता येत नाही."

मला डॉक्टरचा राग आला. चूक त्याची नव्हती, तो खरं तेच बोलत होता. पण एवढी मोठी मशीनं, एवढा अभ्यास, आणि समोर बसलेल्या बाईला हवं ते एकच उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

 गिरजाबाईनं पदर तोंडाशी नेला आणि पदराआडूनच बोलली. "साहेब, माझ्या तोंडात खर्रा होता."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला चुरा. आमच्याकडे लहानथोर सगळे खातात. तिचा नवरा दसरू खायचा. दसरू वारल्यावर त्याची घोटलेली पन्नी खुंटीला तशीच लटकत होती. पहिल्यांदा तिनं ती नुसती वासासाठी उघडली. त्या वासात तो असायचा. मग चिमूटभर गालात ठेवली. पुढं रोजचीच झाली. कोणाला कळू दिलं नाही, कारण तिच्या तोंडाला ते वर्ज्य. रीता डोळा दाबून ओरडत आली तेव्हा गालात खर्रा होता. सगळ्यांसमोर थुंकला असता तर चोरी उघडी पडली असती. तिनं तो जिभेनं गालात दडपला आणि चूळ न भरताच डोकं मांडीवर घेतलं. त्या वेळी रीता एकदम ताठ झाली, एवढंच तिला आठवतं. कुसळ निघताना माणूस ताठ होतंच.

"चुना डोळ्याला भाजतो," डॉक्टर हळूच म्हणाला. "थोडासाच असेल, लाळेत मिसळलेला. पण त्यानंच गेला असंही मी म्हणू शकत नाही."

"म्हनजे तुमी काईच म्हनू शकत नाई," ती म्हणाली आणि उठली. मला वाटलं मोकळी झाली असेल. कसली मोकळी! जाताना मला म्हणाली, "रीताले मालूम नाई. तिले सांगाव लागन. ते 'जाऊ दे' म्हनली का मंगच माझ्या डोक्यातून जाईन."

तिनं सांगितलं नाही. आज सांगीन, पोळ्याला सांगीन, कापणीआधी सांगीन. रीता तिच्या ओट्यावर येऊन जेवायची, तिचे पांढरे केस विंचरून द्यायची, आणि ती दिसली की गिरजाबाईची जीभ टाळूला चिकटायची. खर्रा तिनं डोळा लाल झाला त्याच दिवशी सोडला होता. पण कुसळवाले येतच होते. परत पाठवता येत नव्हतं. दर वेळी ती तोंड घासघासून धुवायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत, आणि पापणी उचलली की आत रीताचा डोळा दिसायचा.

यंदा मळणी लागली. मी त्या दिवशी चामोर्शीत दवाखान्याच्या कामाला होते. दुपारी मोटरसायकलवर मनसारामचा पोरगा, रीताचा नवरा अमर, मागं रीता आणि मध्ये रिंकू असे आले. रिंकूच्या डोळ्यात कुसळ होतं. आत डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला आणि कुसळ काढलं. जखम वरवरची होती, उद्या पुन्हा दाखवा म्हणाले. मी हात पुसत बाहेर येते तो गिरजाबाई फाटकातून आत आली. कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आली होती, केसांत धानाचा भुसा. तिला बाकावर बसवलं. पोरीचा डोळा वाचला म्हणून सांगितलं. मग तिनंच झालं ते सांगितलं.

रिंकूला तिची आजी, म्हणजे मनसारामची बायको, उचलून घेऊन आली होती. पोर किंचाळत होतं. अंगणात बाया जमल्या. गिरजाबाईनं दोन्ही हात पदरात घेतले. नाही म्हणावं तर सगळं सांगावं लागतं. हो म्हणावं तर ही रीताची पोरगी. आजीनं पोरीचं डोकं तिच्या मांडीवर ठेवूनच दिलं. "पाह्यतेस काय बाई, काढ ना!" तिची बोटं सवयीनं पापणीवर गेली.

तेवढ्यात रीता आली. शेतातून धावत आली होती, पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. अंगणाच्या तोंडाशीच ओरडली.

"मोठमाय! तोंडातला खर्रा थुकला का?"

बाया वळून पाहायला लागल्या. आजी म्हणाली, "कोनाचा खर्रा? येडी झाली काय?" रीतानं कोणाकडं पाहिलं नाही. पुढं येऊन पोरीला मांडीवरून उचललं आणि अमरला गाडी काढायला लावली.

"चार सालापासून मी खर्रा खाल्ला नाई, मॅडम," गिरजाबाई मला सांगत होती. "पन मले तोंड उघडून तसं बी सांगता आलं नाई. तिले पहिल्याच दिवसापासून मालूम होतं. वास आला असन. भाजलं असन. तरी दुसऱ्या खेपेले बी माझ्याकडंच आली, रीत म्हनून. चार साल माझ्या ताटात जेवली. मले वाटे, पांढरा डोळा आंधळा हाय. थोच मले पाहून राह्यला होता."

मी तिला पाणी आणून देते म्हणून आत गेले. रीता रिंकूला थोपटत बसली होती. माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, "माहीत होतं तर डॉक्टरला सांगितलं काऊन नाही? घरात तरी?"

"घरात सांगितलं असतं त गावभर झालं असतं," ती म्हणाली. "भरल्या तोंडानं डोळा घेतला म्हनले असते. चेटकीन म्हनले असते. आमच्याइकडं अशा बाईचं काय करतेत थे तुमाले मालूम हाय. मोठमायले मारलं असतं त माझा डोळा वापस आला असता का?"

"म्हणजे तू माफ केलंस त्यांना."

तिनं माझ्याकडं डाव्या डोळ्यानं पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "माफ काऊन करू? डोळा माझा गेला."

तिच्या आवाजात राग नव्हता. धान किती झाला हे सांगावं तसं ती सांगत होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले. गिरजाबाईनं तो हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. पदर तोंडावर तसाच धरलेला होता.

"रीता काई म्हनली का, मॅडम?" तिनं विचारलं. "माझ्याबद्दल?"

मागं दाराचा आवाज झाला. रिंकूला कडेवर घेऊन रीता उंबऱ्यात उभी होती. तोंड अमरच्या गाडीकडं होतं, त्यामुळं आमच्या बाजूला तिचा उजवा डोळा आला होता.

"नाई जी," मी म्हणाले. "काई नाई म्हनली."